विजया कुणासाठी

सोमवार, २७ ऑक्टोबर

आणि वर त्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य मॅडम मलाच विचारतात, घरी पण अशीच करते का. अशीच म्हणजे कशी? पोरगी काय चोरी करून आली? सात नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीचा ताप आठ नंबरच्या कागदावर लिहिला, एवढंच. सातची म्हातारी ठणठणीत आहे, आठची तर सुट्टी होऊन घरी गेली. पण मॅडमनं तोंड असं केलं जसं काही दिशानं दवाखान्याला काडी लावली. म्हणे महिनाभर घरी न्या. मुलीचं लक्ष ठिकाणावर आहे असं डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या आणि २४ नोव्हेंबरला, सोमवारी, पालकांनी सोबत येऊन समोर उभं राहा. नाहीतर नर्सिंगमधून नाव कमी. मी म्हणलं, "मॅडम, लक्ष काय वजनकाट्यावर मोजून आणायचं का?" तर दिशानंच माझा पदर ओढला.

येताना एस.टी.त राहुरीला भेळ घेतली, पोरगी ती हातात धरून बसली. बारावीला दोनदा आपटून तिसऱ्यांदा स्वतःच्या हट्टानं नर्सिंगला गेलेली पोरगी ही. आम्ही कोणी पाठवली नव्हती. श्रीरामपूर आल्यावर म्हणाली, "आई, मला दुसरं काही यायचं नाही गं. मला हेच यायचंय." बास. तेव्हापासून माझं डोकं पेटलंय.

लिहितेय कारण बोलायची सोय नाही. घरात सासूबाई आणि घरापुढं माझी पिठाची गिरणी. गिरणीत बोललेलं सगळ्या बेलापुरात पोचतं, पीठ नंतर पोचतं. सातवीनंतर पेन धरला तो फक्त डब्यांवर नावं घालायला. लिहिता येतं, पण बसवत नाही. आता बसणार, रोज बसणार, एक दिवस चुकवणार नाही.

दूध उतू गेलं वाटतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वही सापडत नव्हती. बाजरीच्या पिठाच्या डब्यात निघाली. सासूबाईंनी ठेवली असणार.

तर मोठी गोष्ट झाली. लई मोठी. सरळ लिहिते.

भाद्रपदातच दिशाला मी नगरला सुमेधा मॅडमकडं नेलं होतं, मनाच्या डॉक्टर आहेत. त्यांनी सांगितलं, हिला लक्ष टिकत नाही हा आजार आहे, लहानपणापासूनचा आहे, हुशारीचा आणि त्याचा संबंध नाही. गोळी दिली. गोळीनं लक्ष लागायचं, पण पोरीची भूक गेली, झोप गेली, डोळे खोल गेले. तिनं गोळी सोडली आणि महिन्यानं ते सात नंबर आठ नंबर झालं.

आज रेश्मा दळण घेऊन आली. मागच्या गल्लीतली, माहेर श्रीगोंद्याचं. म्हणलं, वडील कसे आहेत? पोटातल्या गाठीचं दुखणं, रात्रभर विव्हळायचे.

म्हणाली, "आता झोपत्यात काकू. विजया चालू केलीय ना."

"विजया कोन? नर्स ठेवली व्हय?"

"आवो नर्स न्हाई, तेल हाय. जिभंखाली थेंब टाकायचं." मग गिरणीच्या आवाजात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भांगंच्या पानाचं. पन औषध हाय. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं, कायद्यात बसतंय."

आणि तिनं मोबाईल काढून एक व्हिडिओ दाखवला. हिंदीत एक बाई सांगत होती, मला हाच लक्ष न टिकण्याचा आजार आहे, माझ्या डोक्यात एकाच वेळी दहा टीव्ही चालू असतात, कुठला बघू कळत नाही. हे तेल घेतलं आणि नऊ बंद झाले.

माझ्या अंगावर काटा आला. हेच. अगदी असंच असतं. दिशाचं असंच होत असणार.

पुढचा व्हिडिओ बघेपर्यंत रेश्माच्या गव्हात हरभऱ्याची डाळ दळली गेली. म्हणलं जाऊ दे, मिस्सी रोटी कर, दिल्लीवाले खातात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काल झोपच नाही. सगळं डोक्यात लावून टाकलं. दिशा सुधारली की तिचं बघून दुसऱ्या पोरांना. तालुक्यात घरटी एक पोरगं असलं आहे, मास्तर मारतात, बाप मारतो. मी गिरणीतच या तेलाची एक फळी टाकणार. मागं पापडाचं मशीन आणलं होतं तसं हे नाही. पापडाचं मशीन चांगलंच होतं, फक्त मग शेवयांचं डोक्यात आलं.

सुमेधा मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सत्यशीलाताई, विजया हे जुनं औषध आहे, दुखण्यावर, झोपेवर वापरतात. पण लक्ष टिकण्यासाठी ती लागू पडते असं अजून कोणी नीट दाखवलेलं नाही. थोडेफार छोटे प्रयोग झालेत, त्यातून ठाम काही निघालं नाही. काहींना बरं वाटतं, पण बरं वाटणं आणि लक्ष लागणं वेगळं. आणि दिशाच्या वयात उलट विसराळूपणा वाढू शकतो. मी देणार नाही. गोळी कमी करून बघू, तिला घेऊन या."

मी म्हणलं, बरं. आणि फोन ठेवला. दाखवलेलं नाही म्हणजे काय, कोणीतरी दाखवायला पाहिजे ना. आधी कोणी दाखवायचं?

दिशाला सांगितलं. ती उशीत तोंड घालून म्हणाली, "आई, मी नर्स व्हायला निघालेय. माझ्या रक्तात भांग सापडली तर मला दारातसुद्धा उभं करतील का?" मी म्हणलं, औषध आहे. ती म्हणाली, "मग तूच घे."

उलटून बोलायची सवय माझ्या सासरकडून आली आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

काम फत्ते.

रेश्मानं दिलेल्या नंबरावर नाव नोंदवलं. तिथं आयुर्वेदाचे डॉक्टर फोनवर तपासतात आणि चिठ्ठी करतात. आधार कार्ड मागितलं. दिशाचं आधार कार्ड मी जपून ठेवलं होतं, त्यामुळं सापडलं नाही. माझं पाठवलं. मायलेकी एकाच घरात राहतो, पत्ता तर एकच आहे.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी गिरणीचा पट्टा बसवत होते. म्हणाले, "पेशंट आहेत का?" मी म्हणलं, "मीच बोलतीय, इचारा पटापटा, गिरन खोळंबलीय."

त्यांनी विचारायला सुरुवात केली. हातातलं काम अर्धवट सुटतं का? म्हणलं, सुटतं. गोधडी चार वर्षं खुंटीला आहे, पापडाचं मशीन, परसातला चुला, किती सांगू. वस्तू हरवतात का? म्हणलं, रोज. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत... म्हणलं, व्हय, तसंच होतं, पुढं विचारा. एका जागी बसवतं का? म्हणलं, बसायला वेळ कुणाला आहे? लहानपणीपासून आहे का? म्हणलं, जन्मापासून.

दिशा खाटेवर लोळून हसत होती. पोट धरून. कित्येक दिवसांनी हसली, म्हणून मी काही बोलले नाही. फोन झाल्यावर विचारलं, काय झालं गं? चुकीचं सांगितलं का तुझं?

"नाही आई. सगळं अगदी बरोबर सांगितलंस."

बघा. आईला सगळं माहीत असतं. तिला विचारत बसले असते तर दर प्रश्नाला तिनं घटकाभर विचार केला असता.

सोमवारी बाटली येणार म्हणाले.

रविवार, ९ नोव्हेंबर

आनंदात फोनवर रेश्माला जरा मोठ्यानं सांगितलं की विजया उद्या येते, दुपारपर्यंत घरात येईल, सगळं ठरलंय, आता माघार नाही. सासूबाई जात्याशी शेंगा निवडत होत्या. मी काय बोलते ते त्यांना कधी ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू आलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

हसावं की रडावं.

सकाळी गिरणीतून आले तर सासूबाई, म्हणजे आक्काबाई, नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या. घरात कांदापोह्यांचा वास. माझ्या दिराचा समर्थ, एकतीस वर्षांचा घोडा, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. वस्तीवरून मोटरसायकलवर आलेला. त्याला तीन वर्षांपासून पोरगी बघतायत, शेती म्हणलं की पोरी नको म्हणतात.

म्हणलं, "आत्या, हे काय?"

"तू सांगू नको, आमी बहिरं न्हाई. विजया येनार हाय ना. कुनाची हाय? आदी नाव काढलं असतं तर जिलबी तरी आनली असती."

समर्थ लाजून म्हणाला, "काकू, शिकलेली हाय का? बारावी असली तरी चालंल."

तेवढ्यात पार्सलवाला आला. "सत्यशीला आप्पासाहेब? ओटीपी सांगा." सासूबाई त्याच्या मागं बघतायत, गाडीतून कोण उतरतंय. कोणी उतरलं नाही. माझ्या हातात वितीएवढं खोकं.

"पोरगी कुठंय?"

"हीच." आणखी काय सांगणार?

दिशा आत पळाली हसत. समर्थानं पोह्यांच्या दोन बशा एकट्यानं खाल्ल्या आणि गेला. सासूबाईंना मग सगळं खरं सांगावं लागलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तर त्यांनी बाटली उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "भांग व्हय. माझा बाप शिवरात्रीला घ्यायचा. मग बैलाला पावना समजून पाट द्यायचा बसायला. ध्यान लागतं म्हनतीस? लागायचं खरं. पन बैलाकडं."

आमचे मालक, आप्पासाहेब, ऊस तोडणीला आल्यामुळं शेतातच असतात. रात्री आल्यावर बाटली बघितली, चष्मा लावून उलटसुलट केली. म्हणाले, "पोरीला देऊ नको." जेवले आणि झोपले. त्यांचं बोलणं असं. बाजरीएवढं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दिशा घेत नाही म्हणजे नाही. तोंड मिटून बसली. मी म्हणलं ठीक. जेवणात मीठ आहे का नाही ते आधी करणारी चाखते. मीच घेऊन दाखवते, मग बोल.

आत्ता थेंब घेतले. जिभेखाली. चिठ्ठीत लिहिलेत त्याच्यापेक्षा थोडे जास्त पडले, बाटलीचं बूच नीट नव्हतं. कडू आहे. काही होत नाही.

अजून काही होत नाही. गिरणीत जाते, दळणं साचलीत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

औषध चांगलं आहे. मी स्वतः घेतलं, मी सांगते. मन एका जागी बसलं. एवढंच की बसलं ते बसलंच.

काल आसारामभाऊंची ज्वारी लावली होती. पीठ पडायला लागलं. मी बघत राहिले. मी इतकी वर्षं गिरणी चालवते पण पीठ असं पडताना कधी बघितलं नव्हतं, जसं कोणी पांढरी शाल हळूहळू खाली सोडतंय. डबा भरला. मग पायावर पडायला लागलं. ऊब लागत होती, बरं वाटत होतं. आसारामभाऊ म्हणत होते, "वहिनी, आवो वहिनी, पीठ सांडतंय." मी म्हणलं, "पडू द्या भाऊ, त्याला पडायचंय."

मग ज्वारी संपली. दगड नुसताच फिरला, तापला, जळका वास सुटला. तो वास मला येत होता, पण कुणा दुसऱ्याच्या गिरणीचा असावा असं वाटत होतं.

दिशा आली. तिनं स्विच पाडला. मला धरून आत नेलं, भिंतीला टेकवून बसवलं, नाडी धरली. घड्याळात बघून मोजली, परत मोजली. सुमेधा मॅडमना फोन करून विचारलं. सासूबाई रडायला लागल्या तर त्यांना म्हणाली, "आजी, तू लिंबू काप." म्हणजे त्यांच्या हाताला काम राहावं. आसारामभाऊंना म्हणाली, "काका, उद्या दुसरी ज्वारी दळून देते, आज आईला बरं नाही." मी बडबडत होते म्हणे, पापडाच्या मशीनला सॉरी म्हणत होते. ती ऐकत होती. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पोरगी माझ्याजवळून उठली नाही. मोबाईल वाजला तर बघितला नाही. थोड्या थोड्या वेळानं पाणी, नाडी, डोळे. मी डोळे उघडले की ती बघतेय.

जी पोरगी पुस्तकाचं एक पान पुरं वाचू शकत नाही ती अर्धा दिवस एका जागी बसली. हे कशानं झालं? मी विचार करून करून काढलं. बाटली उघडी होती. नुसत्या वासानंच पोरीला एवढा गुण आला.

हे सुमेधा मॅडमना सांगितलंच पाहिजे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नगरला जाऊन आलो, मी आणि दिशा. अजून राग गेला नाही.

मॅडमना सगळं सांगितलं, वासाचं पण सांगितलं. त्यांनी हसू दाबलं. मग बाटली बघितली आणि सोबतची चिठ्ठी. म्हणाल्या, "ताई, ही तुमच्या नावाची आहे. तुमचं वय, तुमचं नाव. तक्रारीपण तुमच्याच लिहिल्यात. गोधडी, पापडाचं मशीन..."

म्हणलं, "चुकून झालंय. आधार कार्डामुळं."

"पण उत्तरं कुणाची होती?"

मग त्या मला विचारत बसल्या. शाळा का सुटली? म्हणलं, सुटली नाही, सोडवली. गुरुजी रोज वर्गाबाहेर उभं करायचे, बाहेर बरं वाटायचं म्हणून मी उभी राहायचे, मग घरचे म्हणाले बाहेरच उभं राहायचं तर शेतात राहा. अभ्यास यायचा का? म्हणलं, गणित सगळ्यांच्या आधी यायचं, वहीत उतरायच्या आत उडून जायचं. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "हा आजार पुष्कळदा घराण्यात चालत येतो. तुम्ही एकदा स्वतःची तपासणी करून घ्या. कदाचित दोघींनाही असेल."

मला. सत्तेचाळीस वर्षांची बाई, एकटीनं गिरणी चालवते, पट्टा तुटला तर स्वतः जोडते, दोन दिवस लाईट नव्हती तेव्हा जात्यावर लग्नाचं दळण दळून दिलं, तिला म्हणे आजार. मी उठले ते थेट बाहेर. स्टँडपर्यंत तरातरा चालले. तिथं पायाला काहीतरी बोचलं म्हणून बघितलं तर चपला माझ्या नव्हत्या. कुणाच्या तरी लाल, पट्ट्यांच्या.

मागून दिशा आली, एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात माझी पिशवी. खाली बसून माझ्या पायातल्या लाल चपला काढल्या आणि माझ्या घातल्या. मग परत देऊन आली.

म्हणाली, "मी गोळी परत घेते आई. मॅडमनी अर्धी केलीय, पोटभर खाऊन घ्यायची. आठवडाभरात कसं वाटतं बघून त्या शनिवारी सर्टिफिकेटचं ठरवणार आहेत. तेल मला नको."

बुधवार, १९ नोव्हेंबर

दिशा गोळी घेते. भाकरी खाते, पिठलं खाते, झोपते. काल सासूबाईंचं ब्लडप्रेशर मोजलं आणि कागदावर नीट उतरवलं. सकाळी उठून दोन पानं वाचली, आणि मला म्हणून दाखवली. जखम कशी धुवायची त्याचं होतं. मला निम्मंच कळलं, पण तिनं पुरं म्हणून दाखवलं.

बाटली रेश्माला दिली, तिच्या वडिलांसाठी. दिशानं ती बघितली आणि परत मागून आणली. म्हणाली, दुसऱ्याच्या नावाचं औषध कुणाला द्यायचं नसतं. नर्सच झाली आहे अर्धी.

माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही. गुरुजींनी मला बाहेर उभं केलं तेव्हा मला वाटलं मी वांड आहे. नवऱ्याघरी आले, लोक म्हणाले धांदरट. मी म्हणलं असेन. आता एवढ्या वर्षांनी कोणी म्हणतं याला नाव आहे. खरं असेल तर मला चार-दोन लोकांकडं जाऊन भांडायचंय. गुरुजी तर वारले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मालकांना विचारलं, मला असं काही आहे असं वाटतं का तुम्हाला? ते उसाची पावती बघत होते. म्हणाले, "लग्नाच्या दिशी मुंडावळ्या तू उलट्या बांदून आल्तीस. मी कुनाला बोललो न्हाई."

मग मी ओट्यावर बसून सुमेधा मॅडमना आवाजाचा मेसेज केला. काय बोलले ते जसंच्या तसं उतरवते.

मॅडम, मी सत्यशीला, बेलापूर, गिरणीवाली. त्या दिवशी चपला बदलून निघून गेले, माफ करा. तुम्ही दिशाकडं दिलेला तपासणीचा कागद भरून पाठवलाय, लहानपणापासूनचं सगळं, दिशानं लिहिलं आणि मी एका जागी बसून सांगितलं, फक्त दोनदा उठले. आता ऐका. सोमवारी माझ्या लेकीला त्या प्राचार्य मॅडमपुढं उभं राहायचंय. त्या परत विचारतील, घरी पण अशीच करते का. मला तेव्हा उत्तर पाहिजे. तुम्ही म्हणलात दोघींना असेल, पण असलं गोल गोल मला चालत नाही. दोघींना एक आजार कसा पुरेल? आजार दिशाचा असेल तर तिचं सर्टिफिकेट करा. आणि माझा असेल, माझ्याकडून तिच्या अंगावर सांडला असेल, तर तसं कागदावर लिहून सही-शिक्का करा. मी सोमवारी तो घेऊन जाते आणि सांगते की चूक पोरीची नाही, हे दळण माझं आहे, बोलायचं ते मला बोला, उभं करायचं तर मला बाहेर उभं करा, मला सवय आहे, आणि माझ्या लेकीला आत बसू द्या. शनिवारी दुपारी बारापर्यंत सांगा. माझा का तिचा?